जाळीची गोष्ट: इटलीची दलदल ते आपला हौद

निगडी प्राधिकरणात आमच्या घरामागे हौद आहे, त्याभोवती जाळीची खोली. आता जाळी फाटलीय, लोखंडी फ्रेम गंजलीय. घरचे म्हणाले, "काढूनच टाकू." मी म्हटलं, थांबा, आधी जाळीची गोष्ट ऐका.

२० ऑगस्ट १८९७. सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले. पण डास अडवला की आजार खरंच थांबतो का? हे तपासायला लंडनच्या पॅट्रिक मॅन्सन यांनी १९०० साली सॅम्बन आणि लो या दोन डॉक्टरांना इटलीत, ओस्टियाजवळच्या दलदलीत पाठवलं. दिवसा हिंडायचं, सूर्य मावळला की जाळीच्या झोपडीत. क्विनीन घ्यायचं नाही. आजूबाजूची माणसं तापाने फणफणत होती. हे दोघे ठणठणीत!

मलेरियाचा डास रात्री चावतो, म्हणून ते जमलं. डेंग्यूचा एडिस चावतो दिवसा, आणि अंडी घालतो साठवलेल्या स्वच्छ पाण्यात. म्हणजे आज जाळी माणसाभोवती असून भागत नाही, पाण्याभोवतीही हवी.

म्हणून आम्ही फ्रेम ठेवली. गंज घासला, रेड ऑक्साइड मारला, फायबरची नवी जाळी ताणून बसवली, दाराच्या फटीला रबर लावलं. एक फट राहिली तरी खर्च पाण्यात.

आणि हो, जाळी असली तरी आठवड्यातून एकदा हौद रिकामा करून घासायचाच. अंडी कडेला चिकटून राहतात. तुमच्या गच्चीवरच्या टाकीचं झाकण नीट बसतंय ना? आजच बघा!