बांधून नेलेली जीप

दिवाळीच्या आठवड्यात नागपूरच्या गांधीबागेतून पायी जाणे ही मोठी कसरत असते. घाऊक कापडाची ही पेठ. गासड्या ट्रकवर चढत असतात, हमाल आरोळ्या देत असतात आणि दोर आवळला जात असतो. माझे वडील तेथे एका दुकानात दिवाणजी होते. त्यामुळे निरगाठ आणि सुरगाठ यांतला भेद मी व्याकरणाआधी शिकलो. एके वर्षी त्याच ट्रकवर मामांची जुनी जीप चढली. तिची हकिकत शेवटी सांगेन. आधी तिचे कूळ सांगतो.

जीप हे महायुद्धाचे अपत्य. चिखल, वाळू, नाला कशालाच न जुमानणारी गाडी अमेरिकन लष्कराने १९४० साली कारखानदारांकडे मागितली. चारही चाकांना इंजिनाची ओढ आणि वजन सुमारे ११०० किलो! युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बाहेर काढल्या. १९४७ साली मुंबईत महिंद्रांनी तिची जुळणी सुरू केली, आणि खेडोपाडीची पोरे तिच्यामागे धावत धूळ खाऊ लागली.

गंमत अशी, की जिला रस्ता लागत नाही तिलाही दूर जाताना जहाजाची, आगगाडीची, विमानाची पाठ लागते. आणि तेथेच खरा धोका असतो. कापडाची गासडी मुकाट बसते; जीप बसत नाही. तिचे अंग स्प्रिंगांवर असते. अंगाला दोर बांधला, की प्रत्येक खड्ड्याला अंग खाली दबते, दोर सैल पडतो, पुन्हा ताणतो आणि धारेवर घासत जातो. म्हणून जाणते लोक चाकांच्या आसाला बांधतात. पुढून दोन, मागून दोन असे चार दोर किंवा साखळ्या तिरप्या ओढायच्या. चाकांना लाकडी ठोकळे लावायचे. हातब्रेक ओढायचा, गाडी गियरमध्ये ठेवायची. पण ब्रेकवर भिस्त ठेवायची नाही. थोडे अंतर गेल्यावर गाडी थांबवून दोर पुन्हा आवळायचे. ही शेवटची गोष्टच बहुधा राहून जाते.

बांधलेली जीप सुटली तर काय होईल, याचा विचार युद्धात फार बारकाईने झाला. ५ मार्च १९४४ च्या रात्री आसामातील लालाघाटहून डाकोटा विमाने बिनइंजिनाची ग्लायडरे ओढत ब्रह्मदेशात जपान्यांच्या पिछाडीस निघाली. एकेका डाकोटामागे दोन ग्लायडरे. पोटात सैनिक, खेचरे, यंत्रे आणि जीपगाड्या. वाको ग्लायडरात वैमानिक नाकाशी बसत, जीप त्यांच्या पाठीशी. उतरताना धक्का बसला, तर जीप त्यांना चिरडणार! यावर तोड निघाली ती अशी : जीपपासून एक तार कप्पीवरून विमानाच्या नाकाला जोडली. जीप पुढे धावली, की नाक वैमानिकांसकट वर उचलले जाई आणि जीप खालून बाहेर पडे. गाठ सुटेल हे गृहीत धरून माणूस वाचवण्याची ही योजना होती. तरीही त्या रात्री अनेक ग्लायडरे वाटेतच तुटली, काही ओंडक्यांवर आदळली, माणसे गेली.

पुढे २५ ऑक्टोबर १९६२ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, आपल्या वायुदलाने अँतोनॉव्ह-१२ विमानांतून सहा हलके रणगाडे चंडीगडहून लडाखमधील चुशूलला पोहोचवले. एकेकाचे वजन चौदा टनांच्या आसपास. एवढा बोजा आकाशात जागचा हलला, तर विमानाचा तोल गेलाच म्हणून समजा.

आता मामांची जीप. दिवाळीची घाई होती. दोर पुढच्या बंपरला बांधलेला. म्हातारा हमाल म्हणाला, "दिवाणजी, आसाले बांधा, आंगाले नका बांधू. रस्त्यात सैल पडते." वडिलांनी ऐकले, पण ट्रक सुटायची वेळ झाली होती. ते गप्प राहिले. छिंदवाड्याच्या वाटेवरील घाटात दोर तुटला, जीप मागे घसरली, आणि ती अडवायला धावलेल्या क्लीनर पोराची दोन बोटे फाळक्यात चिरडली.

वडिलांनी त्याच्या उपचाराचा खर्च दिला. तो वाईट बोलला नाही. पण त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दर संध्याकाळी, ट्रक कोणाचाही असो, वडील प्रत्येक दोर स्वतः ओढून पाहत. हमाल हसत. वडील हसत नसत.