हौस, मोबदला आणि लोकरीचा धागा

मराठीतले ‘विणणे’ हे क्रियापद मोठे उदार आहे. मागावरचे कापड, सुंभाची बाज, बुरुडाची टोपली, कोळ्याचे जाळे, सुगरणीचा खोपा आणि दोन सुयांवरचा स्वेटर हे सारे आपण ‘विणतो’. इंग्रजीने मागावरच्या आणि सुयांवरच्या विणण्यासाठी दोन स्वतंत्र क्रियापदे ठेवली आहेत, आणि तंत्राच्या दृष्टीने ते योग्यच आहे. मागावर उभ्या-आडव्या धाग्यांचे दोन संच एकमेकांत गुंततात. सुयांवर मात्र एकच धागा स्वतःच्याच फासांतून पुढे जात राहतो. म्हणून कापड फाटते, आणि स्वेटर उसवतो. मराठीने हा भेद केला नाही. पण दुसरा एक भेद केला. मागावर विणणाऱ्याला साळी, कोष्टी, सणगर अशी नावे मिळाली. त्यांच्या जाती झाल्या, पेठा झाल्या. सुयांवर विणणारीला असे कोणतेही नाव मिळाले नाही. तिच्या कामाला मिळाला तो एक शब्द : हौस.

हा शब्द वरवर निरुपद्रवी, किंबहुना कौतुकाचा आहे. ‘तिला विणकामाची भारी हौस’ असे म्हणताना कोणाच्याही मनात वाईट काही नसते. परंतु एखाद्या कामाला हौस म्हटले की त्याचे तास मोजायचे कारण उरत नाही. आणि तास मोजले नाहीत की मोबदल्याचा प्रश्नही उरत नाही. हातविणकामाचा इतिहास पाहिला तर असे दिसते की हे काम जिथे पोटासाठी होत होते तिथेही ते ‘फावल्या वेळचे’ मानले गेले, आणि त्यामुळेच ते स्वस्त राहिले. या विधानाला आधार म्हणून स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांची हकीगत पाहण्यासारखी आहे.

शेटलंड म्हणजे शंभराहून अधिक लहानमोठी बेटे. झाडे जवळजवळ नाहीत, वारा अखंड, जमीन कसाला हलकी. पुरुष समुद्रावर, मागे राहिलेल्या बायकांकडे शेती, गुरे, इंधनासाठी पीट खणून आणणे आणि विणकाम. तिथली मेंढी लहानखुरी, पण तिची लोकर विलक्षण मऊ. मानेजवळची लोकर सर्वांत तलम. ती कातरायची नाही, ऋतू आला की हाताने अलगद उपटून घ्यायची. पांढऱ्या लोकरीबरोबरच तपकिरी, करड्या, काळ्या अशा नैसर्गिक छटांची लोकर मिळते, आणि या छटांना स्थानिक बोलीत स्वतंत्र नावे आहेत. तांबूस तपकिरी ती ‘मूरिट’, गडद करडी ती ‘शेला’. हा दुसरा शब्द मराठी कानाला ओळखीचा वाटावा, हा निव्वळ योगायोग.

सतराव्या शतकात या बेटांवर मासेमारीसाठी येणारे डच खलाशी इथले जाडेभरडे मोजे विकत घेत. पुढे हा व्यापार ओसरला. विल्यम ली या इंग्रज पाद्र्याने १५८९ साली मोजे विणणारे यंत्र तयार केले होतेच. त्याच्या सुधारित वंशजांशी हाताने स्पर्धा करणे दिवसेंदिवस अवघड होत गेले. तेव्हा शेटलंडच्या बायका यंत्राला सहजी न जमणाऱ्या कामाकडे वळल्या. ते काम म्हणजे जाळीच्या विणीच्या शाली. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादापासून या शालींची ख्याती पसरली. उन्स्ट या अगदी उत्तरेकडच्या बेटावरची शाल तर इतकी तलम असे की सहा फुटी चौरस शाल लग्नाच्या अंगठीतून आरपार ओढता येई. ऑर्थर अँडरसन या मूळच्या शेटलंडच्या गृहस्थांनी इथले विणलेले मोजे राणी व्हिक्टोरियाला भेट दिले, आणि राजघराण्याच्या पसंतीमुळे मागणी वाढली. हे अँडरसन पी. अँड ओ. या आगबोट कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. याच कंपनीच्या बोटी पुढे मुंबई बंदरात नित्याने येऊ लागल्या.

इतकी कीर्ती झाल्यावर विणणाऱ्या सुखी झाल्या असतील असे वाटणे साहजिक आहे. वस्तुस्थिती वेगळी होती. लर्विक या मुख्य गावातले व्यापारी शाल घेत, पण पैसे देत नसत. तेवढ्या किमतीचा माल देत. हा मालही बहुधा कापडचोपड आणि चहा. या पद्धतीला ‘ट्रक’ म्हणत. आपल्याकडच्या बलुत्याशी तिची गल्लत करू नये. बलुते धान्यात मिळे, आणि जुलूम-अन्याय असले तरी त्यामागे गावाने मान्य केलेला हक्क होता. इथे हक्क कसलाच नव्हता. दुकानदारानेच शालीचा भाव ठरवायचा आणि त्यानेच चहाचा भाव ठरवायचा. दोन्ही टोके त्याच्याच हातात.

या प्रकाराची चौकशी करण्यासाठी सरकारने एडिंबरोचे वकील विल्यम गथ्री यांना पाठवले. त्यांनी १८७२ च्या आरंभी बेटांवर साक्षी नोंदवल्या आणि त्याच वर्षी अहवाल प्रसिद्ध झाला. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने हा दस्तऐवज फार मोलाचा आहे, कारण त्यात विणणाऱ्या बायका प्रश्नोत्तरांच्या रूपाने स्वतः बोलतात. पीठ हवे असताना चहा मिळाला, मग तो चहा घेऊन शेतकऱ्यांच्या दारी जायचे आणि त्याच्या बदल्यात पीठ-बटाटे मागायचे, अशी ही कहाणी आहे. शाल विणणारीच्या अंगावर कापड बरे असे. पण घरभाड्याला आणि पिठाला लागणारी रोकड तिच्याजवळ नसे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातला सर्वांत बोलका तपशील धाग्याचा आहे. विणायला सूत लागते. व्यापारी शालीच्या बदल्यात चहा देत, छिटाचे कापड देत. पण लोकरीचे सूत द्यायला नाखूश असत, कारण सूत ही ‘रोखीची वस्तू’ होती. म्हणजे विणणारीला तिच्याच कामाचा कच्चा माल तिच्याच कामाच्या मोबदल्यात मिळणे दुरापास्त! ज्यांच्या घरी मेंढ्या नव्हत्या त्यांनी एक तर कुठून तरी रोकड मिळवून सूत घ्यायचे, नाही तर व्यापाऱ्याने दिलेल्या सुतावर त्याने ठरवलेल्या मजुरीने विणायचे. कोणता धागा घ्यावा, कशासाठी घ्यावा, हा निर्णय तिचा नव्हता.

कायदा काय करत होता? कामगारांना मजुरी रोखीनेच द्यावी असे सांगणारा कायदा ब्रिटनमध्ये १८३१ सालीच झाला होता. पण तो ठरावीक धंद्यांतल्या कामगारांपुरता. शाल आणून देणारी बाई कामगार नव्हे, विक्रेती आहे, असा त्याचा अर्थ लागे. १८८७ च्या दुरुस्तीने ही पळवाट बुजवण्याचा प्रयत्न केला. घरी विणलेल्या, पाच पौंडांखालील किमतीच्या वस्तू विकत घेणारा दुकानदार हा मालक आणि त्या करणारी व्यक्ती ही कामगार समजावी, असे त्यात म्हटले गेले. कायदा झाला म्हणून प्रथा लगेच गेली असे नाही. पण घरात बसून केलेले विणकाम हेही काम आहे, ही गोष्ट कायद्याच्या भाषेत नोंदली गेली, हे महत्त्वाचे.

या साऱ्याच्या मुळाशी एक गृहीतक होते. विणकाम हे मुख्य काम नव्हे. ते इतर कामांच्या सांदीत उरकायचे. शेटलंडची जुनी छायाचित्रे पाहावीत. पाठीवर पीटने भरलेली टोपली, कमरेला भोके पाडलेला चामड्याचा भरीव पट्टा, त्यात एका सुईचे टोक रोवलेले, आणि चालता चालता दोन्ही हात विणत आहेत! या चित्राला उद्योगीपणाचा आदर्श म्हणून मिरवले गेले. वस्तुतः तिला रिकामा वेळ नव्हता, याचा तो पुरावा आहे. ‘फावल्या वेळचे काम’ हे वर्णन बघणाऱ्याचे होते, करणारीचे नव्हे.

पुढे १९२२ साली प्रिन्स ऑफ वेल्सने सेंट अँड्र्यूजच्या गोल्फच्या मैदानावर फेअर आयल या बेटाच्या रंगीत नमुन्यांचा स्वेटर घातला आणि त्या नमुन्यांची लाट आली. एका ओळीत दोनच रंग, पण ओळीगणिक रंगांची अदलाबदल, अशी ती युक्ती. राजपुत्राचे नाव फॅशनच्या इतिहासात राहिले. विणणाऱ्या मात्र ‘बेटावरच्या बायका’ या सामूहिक नावाखालीच राहिल्या.

आपल्याकडे हे विणकाम अगदी उलट दिशेने आले. थंडी ही महाराष्ट्राची मोठी अडचण कधीच नव्हती. जेवढी होती तेवढ्यासाठी घोंगडी होती. दख्खनी मेंढीची लोकर राठ. तिचे सूत कातून सणगरांनी मागावर विणलेली घोंगडी पाऊस, थंडी आणि अंथरूण-पांघरूण या सगळ्याला पुरे. सुयांवरचे विणकाम आले ते मुलींच्या शाळांतून. १८२७ साली मुंबईला आलेल्या सिंथिया फरार यांच्यासारख्या मिशनरी शिक्षिकांच्या परंपरेत वाचन-लेखनाच्या जोडीला सुईकामाला मान होता, आणि सुशिक्षित स्त्रीचे एक लक्षण म्हणून तो पुढे आपल्या मध्यमवर्गाने उचलला. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने हातच्या कौशल्यातून स्त्रीने चार पैसे मिळवावेत, ही दृष्टी दिली. तरीही घराघरांत विणकाम रुजले ते मुख्यतः दोन निमित्तांनी : बाळाची कुंची-टोपडे-पायमोजे, आणि लग्नातले रुखवत. रुखवतावर मांडलेल्या क्रोशाच्या रुमालाकडे आणि लोकरीच्या शालीकडे पाहून मुलीच्या ‘हाताला वळण’ असल्याची खात्री पटवून घेतली जाई. शेटलंडमध्ये शालीच्या बदल्यात निदान चहा तरी मिळे. इथे मिळे ते प्रशस्तिपत्र, आणि तेही वरपक्षाचे.

याच घरांत ‘लोकर’ या शब्दाचा अर्थही नकळत बदलला. १९५० साली अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीने अ‍ॅक्रिलिक धाग्याचे व्यापारी उत्पादन सुरू केले, आणि पुढच्या काही दशकांत स्वस्त, धुवायला सोपा, भडक रंग धरणारा हा धागा जगभर पसरला. आपल्याकडे लुधियानाच्या गिरण्यांचे गुंडे गावोगावच्या दुकानांत आले. मेंढीशी काहीही संबंध नसलेल्या या धाग्यालाही आपण लोकरच म्हणत राहिलो. आणि ज्या मेंढीची खरी लोकर या मातीतली, तिच्या लोकरीला आज अनेक ठिकाणी कातरणीचा खर्च निघेल इतकाही भाव मिळत नाही.

या पार्श्वभूमीवर आजच्या हौशी विणणारीकडे पाहिले म्हणजे तिच्या धाग्याच्या निवडीचा अर्थ उलगडतो. तिच्या टोपलीत एका वेळी तीन-चार कामे अर्धवट असतात, आणि घरचे त्यावरून थट्टाही करतात. परंतु प्रत्येक कामामागे विचार असतो. बाळाची कुंची अ‍ॅक्रिलिकची, कारण ती रोज धुतली जाणार. मोज्यांसाठी लोकरीत थोडे नायलॉन मिसळलेला धागा, कारण टाच आधी विरते. जाळीच्या शालीसाठी मात्र खरी, दोन पदरी लोकर. ती भिजवून, ताणून, टाचण्या लावून वाळवली की जाळी उमलते आणि तशीच राहते. अ‍ॅक्रिलिकला ही स्मरणशक्ती नाही. फेअर आयलच्या नमुन्याचा स्वेटर गोल विणून मग पुढून कात्रीने उभा कापायचा असेल, तर शेटलंडचीच लोकर बरी. तिचे तंतू एकमेकांना असे धरून ठेवतात की कापले तरी टाके पळत नाहीत. १८७२ मधल्या विणणारीला हे सगळे ज्ञान होते. निवड नव्हती.

आजच्या हौशी विणणारीला निवड आहे, आणि तिला काय विणले, कोणत्या धाग्याने, किती नंबरच्या सुयांवर, याची नोंद ठेवायची सवयही आहे. २००७ साली सुरू झालेल्या ‘रॅव्हेलरी’वर तर जगभरच्या विणणाऱ्यांच्या अशा नोंदी साठल्या आहेत. शेटलंडच्या शाली संग्रहालयांत आहेत, पण त्यांतल्या कित्येकींवर करणारीचे नाव नाही. त्या तुलनेत या साध्या नोंदी म्हणजे उद्याच्या इतिहासकारासाठी मोठाच ठेवा. २०११ साली शेटलंडच्या अस्सल लोकरीला युरोपात भौगोलिक ओळखीचे संरक्षण मिळाले. आज ती लोकर टिकून आहे, यात जगभरच्या हौशी विणणाऱ्यांच्या मागणीचा वाटा मोठा आहे. धागा निवडताना ती कोणाच्या तरी मेंढ्यांची, कोणाच्या तरी कताईची बाजू घेत असते.

म्हणून हौस या शब्दाला हद्दपार करावे असे नाही. विणण्यात आनंद आहेच. गथ्रीपुढे साक्ष देणाऱ्या बायकांनाही आपल्या एखाद्या शालीचा अभिमान वाटला नसेल असे कोण म्हणेल? प्रश्न एवढाच आहे की त्या आनंदाच्या नावाखाली श्रम झाकले जाऊ नयेत. ‘मलाही एक विणून दे ना’ असे सहज म्हटले जाते, तेव्हा मागणाऱ्याच्या मनात गुंड्याची किंमत असते. शे-सव्वाशे तासांची नसते. पुष्कळशा हौशी विणणाऱ्या आपले काम विकायला नकार देतात आणि आवडत्या माणसाला मात्र आनंदाने देऊन टाकतात. यात भाबडेपणा नाही. तासांचा हिशेब केला तर बाजारात तो भाव मिळणार नाही, हे त्यांना नेमके ठाऊक असते. कमी भावात विकण्यापेक्षा देऊन टाकणे बरे, हा त्यांचा निर्णय आहे. आणि शेटलंडच्या विणणारीला जो कधी घेता आला नाही, असाच तो निर्णय आहे.