डहाणूचे कापरेकर गुरुजी आणि प्रश्नांची परंपरा

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, असा विश्वस्त मंडळाचा आग्रह झाला. माझे उभे आयुष्य कापडाच्या पेढीवर गेले; लेखणीपेक्षा गज आणि कात्री अधिक परिचयाची. परंतु 50 या आकड्यानेच मला विषय दिला.

50 मधील अंकांची बेरीज 5, आणि 5 ने 50 ला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना 'हर्षद', म्हणजे आनंद देणाऱ्या संख्या, हे सुंदर नाव दिले ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. आणि या गणितज्ञाचा जन्म 17 जानेवारी 1905 रोजी आपल्याच डहाणूस झाला. गंजाडपासून हाकेच्या अंतरावरील या थोर पुरुषाचे नाव आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

आपल्या नित्य परिचयाच्या संख्या पाहा. तीर्थंकर 24, शलाकापुरुष 63, जपमाळेचे मणी 108. तिन्ही हर्षद संख्या! मात्र यात चमत्कार शोधू नये. 51 आणि 52 या हर्षद नाहीत, 54 आहे. मग अशा संख्या कोठे येतात, किती अंतराने येतात, असे विचारले की गणिताचा आरंभ होतो.

कापरेकरांच्या मातोश्री ते आठ वर्षांचे असतानाच निवर्तल्या. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद, आणि त्यातूनच मुलास आकडेमोडीची गोडी लागली. ठाण्यास शालेय शिक्षण व पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पुढील शिक्षण झाले. 1927 साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. 1929 साली पदवी घेऊन ते देवळालीच्या शाळेत शिक्षक झाले आणि 1962 साली निवृत्त होईपर्यंत शिक्षकच राहिले. त्यांच्याजवळ पदव्युत्तर शिक्षण नव्हते. त्यामुळे अनेक विद्वानांनी त्यांच्या संशोधनास पोरखेळ मानले. गुरुजींनी खंत केली नाही. छोट्या पुस्तिका स्वतःच छापल्या, शाळा-महाविद्यालयांतून व्याख्याने दिली आणि अंकांवरील आपले प्रेम विद्यार्थ्यांत पेरीत राहिले.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध 6174 या संख्येचा. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. चारही अंक सारखे मात्र नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, आणि येणाऱ्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी. गुरुजींचेच जन्मवर्ष घेऊ. 9510 वजा 0159 म्हणजे 9351. पुढे अनुक्रमे 8172, 7443, 3996, 6264, 4176 आणि सातव्या पायरीस 6174. येथे प्रवास थांबतो, कारण 7641 वजा 1467 पुन्हा 6174 च. कोणत्याही संख्येस सातापेक्षा अधिक पायऱ्या लागत नाहीत. हा शोध त्यांनी 1949 साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. मार्टिन गार्डनर यांनी 1975 साली अमेरिकेच्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात गुरुजींवर लिहिले, तेव्हा त्यांची कीर्ती जगभर पसरली. 1986 साली देवळालीस त्यांचे निधन झाले.

या कृतीस चौथीची वजाबाकी पुरते. परंतु मूल ती करू लागले की स्वतःच विचारते: प्रत्येक उत्तरास 9 ने भाग का जातो? तीन अंक घेतले तर काय होईल? (तेथे 495 येते.) दोन अंक घेतले तर? (तेथे 9, 81, 63, 27, 45 असे चक्रच फिरत राहते.) आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपणच शोधण्याचा हा आनंद पाठांतरातून लाभत नाही.

आपल्या समाजास ही वाट नवी नाही. नवव्या शतकात जैन गणितज्ञ महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. त्यांनी ज्या राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचा गौरव केला, त्याचा शके 793, म्हणजे इ.स. 871 चा ताम्रपट तलासरीच्या सीमेपलीकडे संजाण येथे सापडला आहे. या ग्रंथात सूत्रांबरोबर फळांची, प्रवाशांची, व्यापाऱ्यांच्या भागीदारीची उदाहरणे आहेत. वाचकास मित्र मानून 'सांग पाहू' असे विचारण्याची त्याची रीत आहे. त्यात कंठहारासारखी दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी उत्तरेही आहेत: 27994681 गुणिले 441 म्हणजे 12345654321. हीच संख्या 111111 चा वर्ग. आणि सुमारे अकरा शतकांनंतर कापरेकरांनी अभ्यासलेल्या 'डेम्लो' संख्यांतही ती आहे!

आज हे कार्य संस्था करीत आहेत. श्रीराम अभ्यंकर यांनी 1976 साली पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापिले. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 पासून विद्यार्थी व शिक्षकांसाठी झटत आहे. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये भारत 1989 पासून भाग घेतो; 1996 साली ही स्पर्धा मुंबईतच भरली होती. परंतु गंजाडच्या पाड्यावरील मुलापर्यंत हे कसे पोहोचावे?

वडिलांनी पेढीवर माझ्याकडून पावकी, निमकी, दिडकी घोटून घेतली. हिशोब पक्का झाला, त्याबद्दल मी ऋणी आहे. परंतु शाळेत एकदा 'असे का?' म्हणून विचारले, तेव्हा छडी मिळाली. पुन्हा विचारले नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर झालो, तरी गणिताची भीती गेली नाही. कापरेकरांविषयी वाचले ते साठीकडे झुकताना, आणि दुकान बंद झाल्यावर रात्री वहीत 6174 गाठले तेव्हा ती गेली.

म्हणून विश्वस्तांस नम्र सूचना. वाटपाच्या प्रत्येक वहीच्या मलपृष्ठावर असा एकेक प्रश्न छापावा, उत्तर छापू नये. दरवर्षी 17 जानेवारीस परिसरातील शिक्षकांस एकत्र बोलावून, गणिताच्या एखाद्या जाणकारासमवेत दिवसभर प्रश्न सोडवावेत. आणि बक्षीस केवळ गुणांस न देता, उत्तम प्रश्न विचारणाऱ्या मुलासही द्यावे. ज्ञानदानास आपल्या धर्मात मोठे स्थान आहे. मुलाचा प्रश्न निर्भय करणे, हेही ज्ञानदानच होय.

जय जिनेंद्र.