रंगाखालचे लाकूड : जालना परिसरातील कपाटांचा इतिहास

जालना जिल्ह्यात इमारती लाकडाचे जंगल जवळजवळ नाही, आणि या परिसरातील लाकडी कपाटांचा, किंबहुना त्यांवर चढवलेल्या रंगाचा, इतिहास या उणिवेपासूनच सुरू होतो. उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगररांगेचा पायथा, दक्षिणेस अंबड, घनसावंगी आणि परतूर तालुक्यांच्या सीमेवरून वाहणारी गोदावरी आणि मध्ये पूर्णा, दुधना, कुंडलिका यांची खोरी अशा या प्रदेशात बांधावर आणि ओढ्याकाठी वाढतात ती झाडे म्हणजे बाभूळ, कडुनिंब, हिवर, आंबा आणि पळस. सागवान बाहेरून येणार, शिसव त्याहूनही लांबून. त्यामुळे हाताशी असलेल्या लाकडाला न मिळालेल्या लाकडाचे रूप देण्याची गरज इथल्या कारागिराला इतरांपेक्षा अधिक भासली असली, तर त्यात नवल नाही.

बलुतेदारीच्या व्यवस्थेत सुताराचे मुख्य काम शेतीचे होते. नांगर, वखर, तिफण आणि बैलगाडी यांसाठी लागणारी बाभूळ घट्ट, चिवट आणि झिजेला दाद न देणारी असल्याने तिला रंगाची गरज नव्हती आणि कोणी तो मागतही नव्हते. घरे माळवदाची, म्हणजे लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर किलच आणि त्यावर मातीचा जाड थर अशा सपाट छताची असत. वस्तू ठेवण्याची सोय जाड भिंतीतच कोनाड्याच्या किंवा फडताळाच्या रूपाने केलेली असे, आणि फडताळ म्हणजे भिंतीत बसवलेले, पुढे झडपा लावलेले कपाटच होय. या झडपांना जवसाचे तेल चोळले जाई. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते, म्हणून ते लाकडावर टिकते. शेंगदाण्याचे तेल तसे सुकत नाही आणि धूळ धरून चिकट होते. तेलाने लाकडाचा मूळ रंग गडद होतो एवढेच, तो बदलत नाही. चुलीच्या धुराने मात्र तो बदलत असे, आणि जुन्या झडपांचा काळसर तपकिरी रंग हा बऱ्याच अंशी धुराचा असतो, कारागिराच्या कौशल्याचा नव्हे.

सुटे, पायांवर उभे राहणारे आणि दिवाणखान्यात मिरवणारे कपाट या भागात रुजण्यामागे छावणीचा वाटा असावा, असे मानण्यास जागा आहे. १८०३ साली आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने शिंदे-भोसले यांच्या सैन्याचा पराभव केला. पुढे १८२७ मध्ये जालन्यास हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे निजामाच्या खर्चाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ठेवलेल्या फौजेची, छावणी वसली आणि ती १९०३ पर्यंत टिकली. कुंडलिकेकाठचे जुने जालना आणि पलीकडचे कादराबाद यांच्या जोडीला सदर बाजार उभा राहिला. छावणीतल्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यांच्या भिंतींत फडताळे नसत, तेथे सुटे सामान लागे, आणि त्याची चकाकी लाखेची असे. लाख हा पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या किडीचा स्राव. तो शुद्ध करून पातळ पापुद्र्यांच्या रूपात आणला की त्याला चपडा म्हणतात. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या पोटलीने पातळ पातळ थर चढवण्याची रीत युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फोफावली आणि ‘फ्रेंच पॉलिश’ या नावाने हिंदुस्थानात आली, म्हणजे लाख इथली आणि तिला लागलेले नाव मात्र परदेशी. १९००च्या सुमारास हैदराबाद-मनमाड मीटरगेज लोहमार्ग जालन्यावरून गेल्यावर येथून कापूस बाहेर जाऊ लागला आणि लांबच्या वनांतील सागवान आणणेही सोपे झाले. कापसाच्या व्यापारात पैसा आलेल्या घराला सागवानी कपाट हवे असणे स्वाभाविक होते. ज्याला ते परवडत नसे तो आंब्याच्या फळीवर सागाचा, आणि ज्याला परवडे तोही सागावर शिसवाचा रंग चढवून मागे.

येथेच लाकडाची जात आडवी येते. झाडाचे खोड कापले असता मधला गडद भाग दिसतो, त्याला मध्यकाष्ठ म्हणतात, आणि सालीलगतचा फिकट भाग दिसतो, तो रसकाष्ठ. सागाचे मध्यकाष्ठ सोनेरी तपकिरी, तर रसकाष्ठ पांढुरके असते. एकाच खोडाच्या दोन फळ्या जोडून केलेल्या कपाटाच्या झडपेवर बोटभर पांढरी पट्टी राहिली आणि तिच्यावर तोच रंग तितकाच दिला, तरी ती पट्टी तशीच फिकट उठून दिसते, आणि सगळ्या झडपेवर दुसरा हात दिला तर शेजारचे मध्यकाष्ठ काळवंडते. म्हणून जाणता पॉलिशवाला आधी पट्टीपुरताच रंग लावून ती शेजाऱ्याच्या पातळीवर आणतो आणि मग सगळ्या झडपेवर हात फिरवतो. गाठीचे लाकूड घट्ट आणि वेगळ्या दिशेच्या तंतूंचे असल्याने ते रंग कमी पिते, पण मुळात गडद असल्याने डाग म्हणूनच शिल्लक राहते. फळीचे आडवे टोक, जिथे तंतूंची तोंडे उघडी असतात, ते मात्र अधाशासारखे रंग ओढते आणि चौकटीच्या कोपऱ्यांत काळे पडते; तिथे आधी पातळ चपड्याचा हात देण्याची रीत त्यामुळेच पडली.

सागाच्या वाढीच्या वलयांत आरंभीच्या नळ्या मोठ्या आणि नंतरच्या बारीक असतात. खडूची किंवा गेरूची पूड कालवून केलेला भरण रंग या मोठ्या नळ्यांत जाऊन बसतो आणि रेषा ठळक करतो, तर स्पिरिटमध्ये विरघळलेला रंग तंतूंतच मुरतो आणि रेषा कमी उठवतो. सागात नैसर्गिक तेलकटपणा असल्याने तेलाचे वार्निश त्यावर लवकर सुकत नाही. आंब्याचे लाकूड फिकट, जाड्या पोताचे आणि एका फळीतही असमान घनतेचे असते, त्यामुळे त्यावर रंग ठिगळासारखा बसतो. बाभळीचे प्रकरण आणखी निराळे. तिच्यात टॅनिन, म्हणजे कातडे कमावण्यास उपयोगी पडणारे तुरट द्रव्य, भरपूर असते आणि लोखंडाच्या संपर्कात ते निळसर काळे होते. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, यांची शाई करणाऱ्यांना हीच क्रिया ठाऊक होती, आणि बाभळीच्या फळीत लोखंडी खिळा ठोकल्यावर भोवती काळा ओघळ पडतो तोही तिचाच परिणाम. पॉलिशवाल्याला हा डाग लपवणे सोपे जात नाही. हिराकसाच्या पाण्याने सगळी फळीच काळी करणे हा त्यावरचा एक धीट उपाय होय.

वेरूळच्या दहाव्या लेण्यात दगडाला लाकडी कमानीच्या फासळ्यांचे रूप दिलेले आहे आणि लोकांत ते ‘सुताराची झोपडी’ म्हणून ओळखले जाते. महागड्या लाकडाची नक्कल करण्याचा हव्यास काही रंगारी सुतारांनीच आणलेला नाही. फरक एवढाच, की दगड कालांतराने आपला रंग लाकडाशी जुळवून घेत नाही, लाकूड मात्र रंगाशी फारकत घेते. नवे सागवान उजेडात काही आठवड्यांत एकसारखे गडद होते, स्पिरिटचा रंग उलट उजेडाने फिका पडतो, आणि दोन-तीन दशकांनी कपाटावर एकेकाळी दिलेली छटा आणि खालच्या लाकडाची छटा एकमेकींच्या विरुद्ध दिशेला गेलेल्या दिसतात.

१९४८ साली मराठवाडा मुक्त झाल्यानंतरच्या दशकांत प्लायवूड आणि त्यावर चिकटवलेले पातळ सागवानी पापुद्रे आले, आणि वनसंरक्षणाविषयीच्या टी. एन. गोदावर्मन प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या आदेशांनंतर वृक्षतोड व आरागिरण्या यांवरचे निर्बंध कडक झाल्याने घन लाकडाचा वापर आणखी आक्रसला. लागवडीचे जलद वाढलेले, कमी वयात तोडलेले सागवान रसकाष्ठाने भरलेले असते, म्हणून पडक्या माळवदांच्या जुन्या तुळयांना अजून गिऱ्हाईक मिळते. अशी तुळई चिरून काढलेली फळी नव्या फळीशेजारी लावली, तर रंगाची बाटली एकच असूनही दोन छटा निघतात. त्यामुळे कपाटाची एक बाजू संपूर्ण जुन्या आणि दुसरी संपूर्ण नव्या लाकडाची करून जोड दरवाजाआड नेणे हा एक उपाय उरतो.