मेंढ्यांतील प्रायॉन वाण : उंदरांवरील ओळखपरीक्षा

मेंढ्या-शेळ्यांना होणाऱ्या स्क्रेपी या प्राणघातक मेंदूविकाराचे कारक प्रायॉन (विकृत प्रथिने) एकाच प्रकारचे नसून त्यांचे अनेक वाण आहेत. ते वेगळे ओळखण्यासाठी रोगी मेंदूचा अर्क प्रयोगशाळेतील शुद्ध वंशाच्या उंदरांना टोचतात. उंदीर किती दिवसांनी आजारी पडतो आणि त्याच्या मेंदूत कोठे किती बिघाड होतो, यावरून वाण ठरवतात. ही पद्धत मुख्यतः एडिंबरो येथे १९६० च्या दशकात आकाराला आली.

स्क्रेपीची लेखी माहिती इंग्लंडमध्ये १७३२ पासून मिळते. खाजेने बेजार झालेली मेंढी कुंपणाला अंग घासून लोकर झडवते, त्यावरून हे नाव पडले. फ्रेंच मेंढपाळांच्या नजरेत आजारी मेंढ्यांची थरथर भरली आणि त्यांनी रोगाचे नाव त्यावरून ठेवले. रोग संक्रामक असल्याचे क्युइये व शेल यांनी फ्रान्समध्ये १९३६ साली दाखवले. टोचलेल्या मेंढ्या आजारी पडायला वर्ष-दोन वर्षे लागली होती. १९६१ मध्ये पॅटिसन व मिल्सन यांना शेळ्यांत दोन तऱ्हा आढळल्या : काही शेळ्या अंग खाजवत, तर काही नुसत्या पेंगत. एकीकडून दुसरीकडे संक्रमण होतानाही या तऱ्हा बहुधा टिकून राहत. वाणांची पहिली चाहूल ती हीच. त्याच वर्षी चँडलर यांनी इंग्लंडमधील कॉम्प्टन येथे स्क्रेपी उंदरांत उतरवली आणि वर्षांचे काम महिन्यांवर आले. कुमाऊंच्या डोंगराळ भागातील मेंढ्यांत स्क्रेपी असल्याची भारतातील नोंदही १९६१ चीच आहे.

ॲलन डिकिन्सन यांनी पाहिले, की एमई७ हा वाण सी५७बीएल उंदरांना सुमारे साडेपाच महिन्यांत आजारी पाडतो, व्हीएम उंदरांना मात्र त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. २२ए वाणाचे नेमके उलटे : व्हीएम लवकर, सी५७बीएल फार उशिरा. हा फरक घडवणाऱ्या जनुकाला १९६८ मध्ये ‘सिंक’ असे नाव मिळाले. हे प्रायॉन प्रथिनाचेच जनुक असल्याचे पुढे सिद्ध झाले. उंदरांच्या या दोन गटांत त्या प्रथिनातील अवघी दोन ॲमिनो आम्ले वेगळी असतात.

दुसरा निकष ह्यू फ्रेझर यांनी डिकिन्सन यांच्याबरोबर बसवला. आजारी उंदराच्या मेंदूचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरले, की करड्या भागात स्पंजासारखी भोके दिसतात. ठरावीक नऊ जागी त्यांना शून्य ते पाच आणि पांढऱ्या भागातील तीन जागी शून्य ते तीन असे गुण देतात. गुणांच्या सरासरीचा आलेख काढला, की प्रत्येक वाणाची रेघ निराळी उमटते. ८७व्ही वाणात तर व्हीएम उंदरांच्या मेंदूत अमिलॉइडचे गोळेही ठळक दिसतात. आजाराची तारीख ठरवणे हे त्याहून साधे, पण चिकाटीचे काम आहे. दर आठवड्याला पिंजरा उघडायचा, केस विस्कटलेत का, पाठीला पोक आलाय का, चाल डगमगते का हे पाहायचे आणि ‘निरोगी’, ‘संशयित’, ‘बाधित’ यांपैकी एक शेरा लिहायचा.

पद्धतीची एक मेख ध्यानात ठेवावी लागते. उंदीर हा निव्वळ आरसा नव्हे, चाळणीही आहे. मेंढ्यांच्या मेंदूंच्या एकाच मिश्रणातून सी५७बीएल उंदरांत २२सी निघाला आणि व्हीएम उंदरांत २२ए. तेव्हा उंदरात दिसलेला वाण मेंढीत जसाच्या तसा होता, असे म्हणता येत नाही.

वाण कशाला ओळखायचे, याचे उत्तर १९८६ मध्ये ब्रिटिश गाईंत आढळलेल्या बीएसई या प्रायॉन रोगाने (‘मॅड काऊ’ रोगाने) दिले. मॉइरा ब्रूस व सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या ठिकाणच्या गाईंचे नमुने उंदरांना टोचले, तेव्हा सगळीकडून एकच ठसा मिळाला. माणसांतील नव्या प्रकारच्या क्रॉइट्सफेल्ट-याकोब रोगाचा ठसाही तोच असल्याचे १९९७ मध्ये दिसले. प्रयोगात मेंढ्यांना बीएसई तोंडावाटे देता येत होती, म्हणजे स्क्रेपीच्या आड ती कळपांत लपलेली असण्याची भीती खरी होती. त्या शोधात फजितीही झाली. मेंढ्यांचे म्हणून वर्षानुवर्षे तपासलेले मेंदू प्रत्यक्षात गाईंचे असल्याचे डीएनए चाचणीत उघड झाले आणि ऑक्टोबर २००१ मध्ये ब्रिटिश सरकारला तसे जाहीर करावे लागले. फ्रान्समध्ये २००२ साली कापलेल्या एका शेळीत मात्र बीएसई खरोखरच निघाली. उंदरांच्या चाचणीनंतर त्यावर शिक्कामोर्तब व्हायला जानेवारी २००५ उजाडला.

आता पहिली चाळणी प्रथिनाच्या रासायनिक चाचणीने लागते आणि संशयास्पद नमुनेच उंदरांपर्यंत जातात. नॉर्वेत १९९८ मध्ये सापडलेली नॉर९८ ही वेगळी स्क्रेपी साध्या उंदरांत सहजी रुजत नाही. त्यासाठी मेंढीचे प्रायॉन जनुक घातलेले टीजी३३८ सारखे उंदीर लागतात. हीच नॉर९८ गाईचे जनुक घातलेल्या उंदरांना टोचली असता काही नमुन्यांतून बीएसईसारखा वाण बाहेर पडल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. बीएसईचा उगम मेंढ्यांत असावा या जुन्या तर्काला प्रयोगाचे इतके बळ त्यापूर्वी मिळाले नव्हते.