द्राक्षकन्येचे माहेर

ऑस्ट्रेलियन शिराझचे नाव इराणी, कूळ मात्र फ्रेंच. जनुकीय तपासणीने या द्राक्षवाणाचे जनक आग्नेय फ्रान्समधले ठरवले आणि इराणी मूळाची लाडकी दंतकथा मोडीत निघाली. जेम्स बस्बी यांनी 1832 मध्ये युरोपातील कलमे सिडनीला पोचवली. बरोसा खोऱ्यात लँगमाइल येथे 1843 मध्ये लावलेल्या वेली आजही फळतात. युरोपातले मळे उजाड करणारी फायलोक्सेरा कीड तिथवर गेलीच नाही.

अशा मळ्याची वाइन पेल्यात फिरवून आधी हुंगावी. पिकल्या जांभळाची आठवण होते, मागून मिरीचा दर्प येतो. हा रसिकांचा कल्पनाविलास नव्हे: मिरीतले रोटंडोन हे द्रव्य शिराझमध्येही असते, हे ऑस्ट्रेलियन संशोधकांनी 2008 मध्ये दाखवले. घोट जिभेवर थोडा घोळवावा; त्याचा तुरटपणा हळूहळू मऊ होत जातो.

आळेफाट्याहून पुण्याकडे निघाले की नारायणगाव लागते. तिथे शामराव चौगुले यांनी 1980 च्या दशकात फेसाळ वाइन सुरू केली आणि निर्यातीसाठी तिला नाव दिले ‘ओमर खय्याम’. पुन्हा इराणच! माधव ज्यूलियनांची ‘द्राक्षकन्या’ (1931) शिकवणाऱ्या आम्हांला ते नाव घरचेच वाटले. पण नाव उसने आणता येते, वेलीचे वय नाही. तेवढा धीर त्या उद्योगाला धरवला नाही, असे आमचे मत. 2007-08 मध्ये त्यांनी ऑस्ट्रेलियातले वाइन-कारखानेही घेतले. पुढे कंपनी कर्जात बुडाली आणि न्यायालयाच्या आदेशाने अवसायनात गेली.