टॉर्च घेताना उजेड नंतर बघा, आधी बॅटरी बघा

आपल्याकडे टॉर्चला सर्रास 'बॅटरी' म्हणतात. 'लाइट गेले, बॅटरी आण' हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. गंमत अशी, की नवीन टॉर्च घेताना आपण नेमकी बॅटरीच बघत नाही. उजेड किती लांब जातो, खोक्यावर आकडा केवढा छापलाय, एवढं बघून पैसे देतो. मग पावसाळ्यात एखाद्या रात्री लाइट जातात, आपण ड्रॉवरमधून टॉर्च काढतो, बटण दाबतो आणि तो पेटतच नाही.

यात दोष सहसा दिव्याचा नसतो. आजकाल टॉर्चमध्ये एलईडी असतात आणि ते हजारो तास चालतात. आधी मरते ती बॅटरी. म्हणून स्वस्त आणि भरवशाचा टॉर्च निवडायचा तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

मोबाईल असताना वेगळा टॉर्च कशाला?

अर्ध्या तासासाठी लाइट गेले तर मोबाईलचा उजेड पुरतो. पण प्रत्येक वेळी लाइट अर्ध्या तासात परत येतात असं नाही.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिडमध्ये बिघाड होऊन मुंबई आणि आसपासच्या भागाची वीज गेली. लोकल जागेवर थांबल्या आणि अनेक ठिकाणी वीज यायला काही तास लागले. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. विजेचे खांब इतके पडले, की रायगड आणि रत्नागिरीतली कित्येक गावं अनेक दिवस, तर काही आठवडेही अंधारात होती.

अशा वेळी मोबाईलची बॅटरी फोन करायला, निरोप द्यायला, ११२ लावायला हवी असते. तीच उजेडासाठी जाळली तर दोन्ही गोष्टी हातच्या जातात. वरच्या दोन उदाहरणांतून आणखी एक मुद्दा निघतो. काही तासांच्या अंधाराला चार्जिंगचा टॉर्च चालतो. काही दिवसांच्या अंधारात तो एकदा उतरला की चार्ज कुठे करणार? तिथे सेलवर चालणाराच कामाला येतो.

ल्युमेन म्हणजे काय आणि किती पुरे?

दिव्यातून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो, ते ल्युमेनमध्ये मोजतात. अंदाज यावा म्हणून सांगायचं तर एक मेणबत्ती म्हणजे साधारण १२ ल्युमेन आणि घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ८०० ते ९०० ल्युमेन.

टॉर्चला मात्र एवढ्याची गरज नसते:

• अंधारात खोलीत वावरायला, औषध शोधायला ५ ते २० ल्युमेन
• जिना, गच्ची, मीटरची पेटी बघायला ५० ते १००
• रस्त्याने किंवा बांधावरून चालायला १०० ते २००
• लांबचं शेत, विहीर, नदीचा काठ बघायला ३०० च्या पुढे

म्हणजे रोजच्या बहुतेक कामांना १०० ते २०० ल्युमेन भरपूर होतात. खरी सोय असते ती उजेड कमी-जास्त करता येण्यात. मंद मोड असेल तर तीच बॅटरी कितीतरी पट जास्त वेळ टिकते. म्हणून एकाच जोरात पेटणाऱ्या टॉर्चपेक्षा दोन-तीन मोडचा टॉर्च चांगला.

'२०० मीटरपर्यंत उजेड' असंही खोक्यावर लिहिलेलं असतं. टॉर्चसाठी एफएल १ नावाचं एक मानक आहे. त्यानुसार उजेड पौर्णिमेच्या चांदण्याइतका क्षीण होतो, तिथपर्यंतचं अंतर मोजतात. एवढ्या उजेडात काहीतरी आहे एवढंच कळतं, काय आहे ते कळत नाही. म्हणून छापलेलं अंतर सरळ अर्धं धरावं.

याच मानकात टॉर्च किती वेळ चालतो हेही मोजतात. सुरुवातीचा उजेड १० टक्क्यांवर येईपर्यंतचा हा वेळ असतो. त्यामुळे '८ तास' लिहिलं असेल तर आठही तास तेवढाच लख्ख प्रकाश मिळेल असं समजू नका.

खोक्यावरचा आकडा खरा की फुगवलेला?

हे ओळखायला साधा गुणाकार पुरतो.

बहुतेक चार्जिंगच्या टॉर्चमध्ये '१८६५०' नावाचा लिथियम सेल असतो. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, म्हणून हे नाव. समजा त्याची क्षमता २६०० एमएएच आहे. तो ३.७ व्होल्टचा असतो. २.६ गुणिले ३.७ म्हणजे साधारण साडेनऊ वॅट-तास ऊर्जा. ठीकठाक एलईडी टॉर्च एका वॅटमध्ये १०० च्या आसपास ल्युमेन देतो. म्हणजे या सेलमधून १०० ल्युमेनचा उजेड जास्तीत जास्त नऊ-साडेनऊ तास मिळेल किंवा १००० ल्युमेनचा जेमतेम एक तास.

आता एकाच सेलच्या टॉर्चवर '२००० ल्युमेन, १० तास' असं दिसलं तर काय समजायचं ते तुमच्या लक्षात आलं असेल. तसंच या आकाराच्या सेलची क्षमता साधारण ३५०० एमएएचच्या आसपास संपते. '९९००' छापलेलं असेल तर तो सेल बिनदिक्कत बाजूला ठेवा.

बॅटरी कोणती निवडायची?

लेड-ॲसिड: स्वस्त आणि वजनाने जड अशा चार्जिंगच्या टॉर्चमध्ये ही असते. पडून राहिली की आपोआप उतरते आणि उतरलेल्या अवस्थेत महिनोन् महिने राहिली की कायमची खराब होते. घरात बंद पडलेले टॉर्च निघतात त्यातले बरेच या जातीचे असतात. रोज वापरून नियमित चार्ज करणार असाल तरच घ्या.

लिथियम: हलकी, उजेड भरपूर आणि पडून असतानाही चार्ज बऱ्यापैकी टिकतो. रोजच्या वापराला हीच उत्तम. शक्यतो टाइप-सी चार्जिंगचा टॉर्च घ्या, म्हणजे मोबाईलच्या चार्जरवर किंवा पॉवर बँकवर काम भागतं. वेगळ्या पिनचा चार्जर हरवला की टॉर्चही गेला. अशा बॅटरीवर 'आयएस १६०४६' आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा बीआयएसचा नोंदणी क्रमांक असायला हवा. हा क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो.

पेन्सिल सेल किंवा मोठे सेल: उजेड थोडा कमी, पण सेल गावातल्या किराणा दुकानातही मिळतात. सेल बदलले की टॉर्च पुन्हा तयार. अल्कलाइन सेल साध्या सेलपेक्षा महाग असतात, पण जास्त चालतात आणि बरीच वर्षं टिकतात. अडीनडीसाठी हा प्रकार सगळ्यात भरवशाचा.

शेतात आणि रानवाटेला काय वेगळं लागतं?

शेतीची वीज अनेक गावांत पाळीने येते आणि रात्रीची पाळी आली की मोटर चालू करायला अंधारात जावं लागतं. मण्यार आणि घोणस हे विषारी साप रात्रीच जास्त फिरतात. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दर वर्षी सरासरी ५८ हजार मृत्यू झाले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला आहे. यातले बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले.

इथे लांबवर जाणारा झोत फारसा उपयोगी नाही. पाय पडणार ती दोन-चार पावलांची जागा नीट दिसायला हवी, म्हणजे पसरट उजेड हवा. डोक्याला बांधायचा टॉर्च अशा कामाला सोयीचा पडतो, कारण एका हातात काठी आणि दुसरा हात मोकळा राहतो. गुडघ्यापर्यंतचे बूट मात्र टॉर्च असला तरी हवेतच. आणि दंश झालाच तर वेळ न घालवता थेट दवाखाना गाठायचा.

उजेडाच्या रंगाकडेही लक्ष द्या. निळसर पांढऱ्या उजेडात माती, वाळलेला पाला आणि त्यावर बसलेला जीव सगळं एकसारखं फिकट दिसतं. किंचित पिवळसर पांढऱ्या उजेडात रंगांतला फरक जास्त कळतो. दुकानात दोन टॉर्च शेजारी शेजारी हातावर मारून बघा, लगेच दिसेल.

पावसात टिकेल का?

त्यासाठी 'आयपी' मानांकन बघा. त्यातला शेवटचा आकडा पाण्याचा. ४ असेल तर शिंतोडे चालतात, म्हणजे छत्रीखाली वापरता येईल. ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी आत पाणी जाऊ नये. कोकणातल्या किंवा पुराच्या पट्ट्यातल्या घरासाठी ७ चा आग्रह धरा. नुसतं 'वॉटरप्रूफ' लिहिलंय आणि आकडा नाही, तर तो शब्द सोडून द्या.

दुकानात काय तपासाल?

• बटण अंधारात चाचपून सापडतं का? ओल्या हाताने दाबलं जातं का?
• टॉर्च हलवल्यावर उजेड लुकलुकतो का? तसं होत असेल तर आतला संपर्क सैल आहे.
• चालू केल्यावर पहिला मोड कोणता लागतो? प्रत्येक वेळी चमकणाऱ्या मोडमधून जावं लागत असेल तर घेऊ नका.
• बॅटरी बदलता येते का? कायमची बसवलेली असेल तर बॅटरीसोबत टॉर्चही टाकावा लागतो.
• वॉरंटी आहे का आणि बिलावर दुकानाचा शिक्का आहे का?

घेतल्यानंतर काय?

सेलचा टॉर्च नुसता ठेवून द्यायचा असेल तर सेल काढून त्याच्या शेजारी पिशवीत ठेवा. आत राहिलेले सेल पाझरतात आणि पत्र्या गंजतात. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका, कमजोर सेल आधी उतरतो आणि पाझरतो. लिथियमचा टॉर्च दर तीन महिन्यांनी चार्ज करा. बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जिंग लगेच थांबवा. थेट प्लगमध्ये घालायचा टॉर्च चार्जिंगला असताना वापरू किंवा उघडू नका.

आणखी एक खबरदारी. घरात गॅसचा वास येत असेल तर दिव्याचं बटण दाबायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. टॉर्चच्या बटणालाही तोच नियम लागू आहे, कारण त्यातही ठिणगी पडू शकते. दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि मग १९०६ या हेल्पलाइनवर फोन करा.

मग नेमका कोणता घ्यायचा?

एकच घ्यायचा असेल तर शहरातल्या घरासाठी टाइप-सी चार्जिंगचा, १०० ते २०० ल्युमेनचा, मंद मोड असलेला लिथियम टॉर्च घ्या. जिथे वीज दिवसेंदिवस जाते, तिथे पेन्सिल सेलवर चालणारा एलईडी टॉर्च आणि सेलचा एक जादा संच.

जमत असेल तर एका महागड्या टॉर्चऐवजी दोन साधे घ्या: रोजच्यासाठी चार्जिंगचा आणि अडीनडीसाठी सेलचा. दुसरा घरातल्या सगळ्यांना माहीत असलेल्या ठरलेल्या जागी ठेवा. मृग लागायच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा, असा वर्षातून दोनदा तो पेटवून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, पण ज्या रात्री खरंच गरज पडेल त्या रात्री तो पेटेल की नाही, हे त्यावरच ठरतं.